ब्लॉगिंगच्या संमेलनाला स्वतः जावं का? वर्डकॅम्पबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्डकॅम्पचे फोटो टाकले की पुढचे आठ दिवस इनबॉक्समध्ये तेच तेच प्रश्न येतात. ‘ताई, एवढं तिकीट काढून जाण्यात अर्थ आहे का?’ हा त्यातला पहिला. दर वेळी वेगळं उत्तर लिहिण्याऐवजी एकदाच सगळं इथे मांडते. मी पुण्यात राहते आणि गच्चीवरच्या बागेबद्दल मराठीत लिहिते. काही वर्डकॅम्पांना श्रोता म्हणून गेले, दोनदा नोंदणीच्या टेबलामागे स्वयंसेवक म्हणून उभी राहिले. उत्तरं त्या अनुभवातली आहेत, आयोजकांची अधिकृत भूमिका नव्हे.

१. वर्डकॅम्प म्हणजे नेमकं काय? क्लास असतो का?

क्लास नाही. ब्लॉग आणि वेबसाइट चालवण्याची जी वर्डप्रेस नावाची प्रणाली आहे, ती वापरणाऱ्यांचं संमेलन आहे. ब्लॉग लिहिणारे, वेबसाइट बांधून देणारे, डिझायनर, होस्टिंगवाले (साइटला इंटरनेटवर जागा भाड्याने देणारे), नुकतेच शिकायला लागलेले विद्यार्थी, सगळे एका छताखाली. दिवसभर भाषणं आणि मध्ये चहा-जेवण.

पहिलं वर्डकॅम्प ऑगस्ट २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वर्डप्रेसचा सहसंस्थापक मॅट मुलनवेगने भरवलं. त्याआधी वर्षभर, २००५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्याच पालो आल्टोत बारकॅम्प झालं होतं. फू कॅम्प नावाची एक बैठक फक्त निमंत्रितांची असायची, तिला उत्तर म्हणून ‘कुणीही या, कुणीही बोला’ असा तो प्रकार होता. नावातला ‘कॅम्प’ त्या घराण्यातला. भारतात २००९ साली दिल्लीत वर्डकॅम्प झालं, पुढे मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांत होत गेलं. आशिया खंडाचं वेगळं मोठं संमेलन २०२३ ला बँकॉक, २०२४ ला तैपेई, २०२५ ला मनिला असं फिरत आलं आणि २०२६ चं यजमानपद मुंबईकडे आलं: ९ ते ११ एप्रिल, वांद्रे-कुर्ला संकुलातलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर.

आयोजक, वक्ते, स्वयंसेवक यांपैकी कुणालाही मानधन नसतं. खर्चाचा मोठा वाटा प्रायोजक उचलतात, म्हणून तिकीट स्वस्त ठेवता येतं.

२. सगळी भाषणं नंतर नेटवर फुकट बघायला मिळतात. मग प्रवास करून जायचं कशाला?

भाषणांसाठी जाऊ नका, हे माझं प्रामाणिक उत्तर. भाषणं खरंच वर्डप्रेस डॉट टीव्हीवर येतात आणि घरी दीडपट वेगाने ऐकता येतात. जायचं ते भाषणांच्या मधल्या वेळेसाठी.

माझंच उदाहरण देते. माझ्या लेखांचे दुवे कायम अर्धवट तुटलेले असायचे. ‘गच्चीवरच्या बागेतील टोमॅटो’ असं शीर्षक दिलं की पत्त्यात ‘गच्चीवरच्या-बागेतील-टोमॅ’ एवढंच उरायचं. टोमॅटोवरच दुसरा लेख लिहिला की त्याच तुटक्या पत्त्याला शेवटी २ चिकटायचा. मला वाटायचं, मीच काहीतरी चुकीचं टंकतेय. दोन वर्षं मी हे कुणाला विचारलंही नाही, कारण विचारायचं काय हेच कळत नव्हतं. एका वर्डकॅम्पला जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या तमिळ ब्लॉगरला मोबाइलवर माझा ब्लॉग दाखवला. पदार्थाचं नाव विचारावं तितक्या सहज तो म्हणाला, ‘तुमच्याकडेही दुवे तुटतात का?’

मग ताट हातात घेऊन त्याने हिशोब सांगितला. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला दोनशे चिन्हांची जागा देतं. इंग्रजी अक्षराला एक चिन्ह लागतं. आपल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराचं आत नऊ चिन्हांत रूपांतर होतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे बावीसच्या आसपास खुणा झाल्या की पत्ता संपला. ‘गच्चीवरच्या’ या एका शब्दातच अकरा खर्च होतात. उपाय अगदी साधा: प्रकाशित करण्याआधी पत्ता हाताने छोटा लिहायचा. त्या दिवसापासून मी ‘टोमॅटो-रोपं’ एवढाच लिहिते.

हे नेटवर कुठेतरी लिहिलेलं असेलच. पण शोधायला आधी शब्द हवा, आणि तो माझ्याकडे नव्हता. समोरच्या माणसाने माझा मोबाइल बघितला आणि मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. रेकॉर्ड केलेलं भाषण तुमच्या मोबाइलकडे बघत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. व्यासपीठावर माणूस यशाची गोष्ट सांगतो, आकडे मात्र बाहेर चहाच्या टपरीवर सांगतो. जाहिरातींतून महिन्याला खरंच किती सुटतात, कोणत्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, कोणत्या महिन्यात ब्लॉग बंद करावासा वाटला, हे कॅमेऱ्यासमोर कुणी बोलत नाही. बोलूही नये.

तिसरी गोष्ट नंतर कळते. एकदा सोबत वडापाव खाल्लेल्या माणसाला सहा महिन्यांनी मेल केला तर उत्तर येतं. अनोळखी मेलला येईलच असं नाही.

मराठी आंतरजालाला हे नवं नाही. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोली या मराठी संकेतस्थळावरच्या मंडळींचं ‘गटग’ (गेट-टुगेदर) आणि पावसाळ्यातला ‘ववि’ (वर्षाविहार), मिसळपाव या दुसऱ्या संकेतस्थळवाल्यांचे कट्टे, २०१० च्या सुमारास झालेले मराठी ब्लॉगर मेळावे, हे सगळं काय होतं? स्क्रीनवरच्या नावाला चेहरा मिळाला की भांडणं कमी होतात आणि मदत वाढते, हे आपल्याकडे वर्डकॅम्पच्या आधीपासून माहीत होतं.

३. माझा ब्लॉग वर्डप्रेसवर नाही, गूगलच्या ब्लॉगरवर आहे. आलं तर चालेल का?

चालेल. दारात कुणी विचारत नाही. लेखन, शोधयंत्रं, वाचक टिकवणं, फोटो, कॉपीराइट यांवरची सत्रं तुमच्याही कामाची. थीम (साइटचं रूप) आणि प्लगिन (वर्डप्रेसला वरून जोडायच्या सोयी) यांवरची सोडा.

४. मी प्रोग्रामर नाही. पाककृती लिहिते. तिथे माझं काय काम?

वेळापत्रकात बहुधा तांत्रिक सत्रं एका बाजूला आणि लेखन, व्यवसाय, डिझाइन दुसऱ्या बाजूला असतात, त्यामुळे ऐकण्यासारखं मिळतं. महत्त्वाचं हे की प्रोग्रामरांना तुमच्यासारखी माणसं फारशी भेटतच नाहीत. पाककृतीचं प्लगिन बनवणाऱ्याला ‘वाटीचं प्रमाण टाकायला जागाच नाही, सगळं ग्रॅममध्ये मागतं’ हे तुमच्याखेरीज कोण सांगणार? तक्रारी लिहून न्या. तुमच्या तक्रारीला तिथे किंमत आहे.

५. एकूण खर्च किती येतो?

तिकीट स्वस्त, बाकी सगळं महाग. शहरपातळीवरच्या वर्डकॅम्पचं तिकीट साधारण काही शे रुपयांपासून हजार-दोन हजारांच्या आत असतं आणि त्यात दुपारचं जेवण, चहा येतो. खरा खर्च प्रवास आणि मुक्कामाचा. म्हणून पहिल्यांदा जाताना एसटीने किंवा रेल्वेने सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असंच संमेलन निवडा. पुणेकरांनी मुंबईला जाताना एक लक्षात ठेवावं. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते, दादरला उतरेपर्यंत दहा वाजतात. तिथून पुढे वांद्रे-कुर्ला संकुल गाठेपर्यंत पहिलं भाषण संपलेलं असतं आणि नोंदणीपाशी गर्दी झालेली असते. सहा वाजताची सिंहगड बरी, नाहीतर आदल्या रात्री मामा-मावशीकडे.

परदेशातल्या संमेलनाचा विचार तिसऱ्या-चौथ्या वर्षी करा. विमान, व्हिसा, हॉटेल धरून जो आकडा येईल त्यात ब्लॉगचं कितीतरी वर्षांचं होस्टिंग निघतं. ज्यांचं पोट या क्षेत्रावर आहे त्यांना ते परवडतं. हौशी लेखकाने फिरायला म्हणून जावं, गुंतवणूक म्हणून नाही.

६. आमच्या शहरात वर्डकॅम्प होत नाही. मग काय करायचं?

आधी मीटअप शोधा. बऱ्याच शहरांत वर्डप्रेसचे स्थानिक गट अधूनमधून जमतात, बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या ऑफिसात शनिवारी, आणि फुकट. वीस-पंचवीस माणसं असतात. खरं सांगायचं तर प्रश्न २ मध्ये लिहिलेला फायदा तिथे जास्त मिळतो, कारण सगळ्यांशी बोलून होतं. मोठ्या संमेलनात नव्या लोकांची भेट होते, मीटअपमध्ये त्याच लोकांची पुन्हा पुन्हा. ओळख पिकायला हे पुन्हा पुन्हा भेटणंच लागतं.

गटही नसेल तर चार जण जमवून सुरू करा. आयोजनाचे नियम आणि होणाऱ्या वर्डकॅम्पांच्या तारखा सेंट्रल डॉट वर्डकॅम्प डॉट ऑर्गवर आहेत.

७. माझं इंग्रजी कच्चं आहे. हसतील का?

भारतातल्या वर्डकॅम्पांत व्यासपीठावर इंग्रजी आणि हिंदी चालतं. बाहेर व्हरांड्यात पुण्या-नाशिकला सरळ मराठी. आशियाच्या संमेलनात थाई, जपानी, तैवानी मंडळी असतात. त्यांचंही इंग्रजी आपल्यासारखंच अडखळत चालतं, त्यामुळे सगळेच सावकाश आणि सोपं बोलतात. मला पुण्यातल्या फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा ते बोलणं जास्त कळलं.

८. कुणाला ओळखत नाही आणि मी लाजाळू आहे. कोपऱ्यात उभा राहीन अशी भीती वाटते.

तुमच्यासारखेच बरेच असतात, ते एकमेकांना दिसत नाहीत इतकंच. तांत्रिक संमेलनांत पॅकमॅनचा नियम म्हणून एक पद्धत आहे: गप्पांचं कोंडाळं करताना एक जागा मुद्दाम उघडी ठेवायची, पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखी, म्हणजे नव्या माणसाला आत शिरता येतं. असं कोंडाळं दिसलं की बिनधास्त जाऊन उभे राहा.

लाजाळू माणसासाठी माझा खरा सल्ला वेगळा आहे. स्वयंसेवक व्हा. नोंदणीच्या टेबलामागे बसलं की लोक तुमच्याकडे येतात, तुम्हाला जावं लागत नाही. नाव विचारायचं, बिल्ला शोधून द्यायचा, स्वच्छतागृह कुठे ते सांगायचं. दुपारपर्यंत शंभर जणांशी बोलून झालेलं असतं आणि विषय काय काढायचा ही चिंताच उरत नाही. पहिल्या संमेलनात मी दिवसभर भिंतीला टेकून मोबाइल बघत होते. दुसऱ्या वेळी टेबलामागे गेले. फरक एवढाच.

९. एकाच वेळी दोन-तीन दालनांत भाषणं असतात. कोणतं निवडू?

विषयावरून निवडू नका, भाषण संपल्यावर वक्त्याला काही विचारायचंय का ते बघा. विचारायचं असेल तिथे बसा, बाकीची घरी ऐका. सलग चारपेक्षा जास्त भाषणं ऐकलीत तर पाचव्याचं काही लक्षात राहत नाही. माझ्या तरी.

१०. माझी साइट बिघडलीय. लॅपटॉप घेऊन आलो तर कुणी दुरुस्त करून देईल का?

बऱ्याच वर्डकॅम्पांत ‘हॅपीनेस बार’ नावाचं टेबल असतं. नावावर जाऊ नका, तिथे जाणकार स्वयंसेवक बसून लोकांच्या साइटी बघतात, फुकट. जाण्याआधी घरून बॅकअप घेऊन ठेवा. बिघाड केव्हापासून झाला आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं हे कागदावर लिहून न्या. पासवर्ड स्वतः टाका, कुणाला सांगू नका. टेबलावर सगळे सज्जन असतात, पण मागे रांग उभी असते. आणि पूर्ण साइट नव्याने बांधून मागू नका. ते काम पैसे देऊन करून घ्यायचं असतं.

११. कॉन्ट्रिब्युटर डे काय असतो? मला कोडिंग येत नसेल तर तो दिवस वगळू का?

वगळू नका. मराठी लिहिणाऱ्यासाठी संमेलनातला सर्वांत मोलाचा दिवस मी हाच मानते.

वर्डप्रेस कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, लोक मिळून ते बनवतात. या दिवशी वेगवेगळ्या कामांची टेबलं लागतात: मूळ कोड, मदत-पानं, फोटो, प्रश्नोत्तरं, भाषांतर. कोडिंग न येणाऱ्याने भाषांतराचं टेबल गाठावं. वर्डप्रेसच्या पडद्यावरचा प्रत्येक मराठी शब्द कुणीतरी स्वयंसेवकाने लिहिलेला असतो. घरबसल्याही सूचना देता येतात. पण सूचना संपादकाने मंजूर करेपर्यंत ‘प्रतीक्षेत’ पडून राहते, आणि मराठीला संपादकांचे हात कमीच. टेबलावर संपादक शेजारीच बसलेला असला की अडकलेल्या सूचना तासाभरात हातावेगळ्या होतात.

शब्दांवरून वाद तर इतके रंगतात की विचारू नका. ‘पोस्ट’ म्हणायचं की ‘लेख’? ‘लॉगिन’ला ‘प्रवेश’ केलं तर वाचकाला कळेल का? मेलवर असा वाद महिनाभर चालतो आणि माणसं दुखावतात. समोरासमोर चहा येईपर्यंत मिटतो.

इथे एक अडचण सांगते, जी मला टेबलावर बसेपर्यंत माहीत नव्हती. पुष्कळ वाक्यांत नावासाठी रिकामा गाळा असतो आणि संगणक तिथे आयत्या वेळी शब्द भरतो. इंग्रजीत ‘अमुक हटवलं’ हे क्रियापद कशालाही चालतं. मराठीत लेख हटवला, प्रतिक्रिया हटवली, चित्र हटवलं. गाळ्यात काय येणार हे माहीत नसताना क्रियापद कोणत्या लिंगात ठेवणार? त्या दिवशी टेबलावर उपाय निघाला: वाक्यच फिरवायचं, ‘हटवण्याचं काम पूर्ण: अमुक’. थोडं कार्यालयीन वाटतं, पण चूक नाही. तिथे व्याकरण येणाऱ्या माणसाची गरज होती, कोडिंगची नव्हे. मराठी विषय शिकवणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका त्या दिवशी आमच्यात सर्वांत उपयोगी ठरल्या.

१२. तिथे काम किंवा गिऱ्हाईक मिळतं का?

मिळतं, पण त्या दिवशी नाही. हातात कार्ड कोंबणाऱ्यांना लोक टाळतात. मला आलेली दोन लेखनाची कामं ओळख झाल्यानंतर सात-आठ महिन्यांनी आली, तीही तिसऱ्याच माणसाने नाव सुचवल्यामुळे. नोकरीच्या शोधात असाल तर प्रायोजकांच्या स्टॉलवर सरळ विचारा. ते भरतीसाठीही आलेले असतात आणि विचारण्यात काही कमीपणा नाही. कागदी कार्डापेक्षा मोबाइलवर क्यूआर कोड ठेवलेला बरा.

१३. करोनात ऑनलाइन संमेलनं झाली होतीच. तीच पुरेशी नाहीत का?

आशियाचं पहिलं वर्डकॅम्प खरं तर फेब्रुवारी २०२० मध्ये बँकॉकला व्हायचं होतं. साथीमुळे जेमतेम नऊ-दहा दिवस आधी रद्द झालं. त्याच जूनमध्ये युरोपचं संमेलन ऑनलाइन झालं. ते फुकट होतं, व्हिसा नको, रजा नको, चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही तितकंच सोयीचं. हे फायदे खरे आहेत आणि ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांच्यासाठी ऑनलाइनच योग्य.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी घरून ‘हजर’ राहिलेल्या संमेलनांत अर्धा वेळ कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. घरी असलं की घरचे तुम्हाला घरीच धरतात. बाईला तर जास्तच.

१४. मी बाई आहे, एकटी जाणार आहे. सुरक्षित आहे का? सोबत लहान मूल असेल तर?

प्रत्येक वर्डकॅम्पची आचारसंहिता असते आणि ती वेबसाइटवर दिलेली असते. शेरेबाजी, नकोसा स्पर्श, पाठलाग यांची तक्रार कुणाकडे करायची तेही तिथे असतं. मला आजवर तशी वेळ आली नाही. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा: संध्याकाळी होणाऱ्या सगळ्याच पार्ट्या अधिकृत नसतात. कंपन्या आपापल्या ठेवतात. तिथे जायचं तर परतीची सोय आधी करून ठेवा.

लहान मुलांसाठी युरोपच्या संमेलनासारख्या मोठ्या ठिकाणी पाळणाघर ठेवलेलं असतं. छोट्या शहरांत आयोजकांना आधी मेल करून विचारा. स्तनपानासाठी खोली मागायला संकोच करू नका, अनेकदा कुणी मागितलेली नसते म्हणूनच ती नसते.

१५. मी टोपणनावाने लिहितो, सरकारी नोकरीत आहे. ओळख उघड होईल का?

हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. बिल्ल्यावर जे नाव तिकिटाच्या अर्जात भराल ते छापलं जातं, आणि उपस्थितांची यादी संमेलनाच्या वेबसाइटवर लागू शकते. अर्ज भरतानाच नाव दाखवायचं की नाही याचा पर्याय बघा. फोटो काढले जातात आणि सार्वजनिक होतात. फोटो नको असणाऱ्यांसाठी काही ठिकाणी वेगळ्या रंगाची गळ्यातली पट्टी देतात. ती मिळते का, ते नोंदणीला विचारा.

एवढं करूनही तुम्ही तोंडाने ‘तो ब्लॉग माझाच’ म्हणालात की संपलं. खरं नाव लावून जायचं असेल तर ब्लॉगचं नाव घरी ठेवा, ब्लॉगचं नाव लावून जायचं असेल तर नोकरी घरी ठेवा.

१६. तिकीट काढलं आणि जाता आलं नाही तर?

पैसे परत मिळण्याची मुदत प्रत्येक संमेलनाची वेगळी असते. मुदत टळली तर तिकिटाच्या मेलमधल्या दुव्यावरून नाव बदलून दुसऱ्याला देता येतं. काहीही करा, पण न सांगता घरी बसू नका. ताटं मोजून मागवलेली असतात.

१७. एका ब्रँडने माझं विमान आणि हॉटेल केलं. काही नियम आहेत का?

आहेत, आणि बरेच जण ते पाळत नाहीत. त्या ब्रँडबद्दल लिहिलंत तर सुरुवातीलाच, वाचकाला कळेल अशा भाषेत, ही जाहिरात किंवा सशुल्क सहकार्य असल्याचं लिहा. जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. फुकट प्रवास आणि फुकट वस्तू यांनाही त्या लागू होतात.

दुसरा भाग कराचा. व्यवसायाच्या नात्याने मिळालेला असा लाभ वर्षात वीस हजारांच्या वर गेला तर देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा, ही तरतूद १ जुलै २०२२ पासून आली. स्वतःच्या खिशातून गेला असाल आणि ब्लॉगचं उत्पन्न व्यवसाय म्हणून दाखवत असाल तर पावत्या जपून ठेवा. मात्र अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने (म्हणजे जमेचा ठरावीक टक्का नफा धरून) विवरणपत्र भरत असाल तर असा खर्च वेगळा वजा करता येत नाही. तुमचं नेमकं गणित सीएला विचारा.

१८. ‘तुमची टॉप ब्लॉगर पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असा मेल आलाय. जाऊ का?

नको. पुरस्कार देणारा पैसे मागत नाही, घेणारा तर नाहीच भरत. अशा एका समारंभाला मी गेले होते, नाव सांगत नाही. दुपारभरात दीडशेच्या वर ‘सर्वोत्कृष्ट’ जाहीर झाले, प्रत्येकाला शाल आणि एक फोटो. माझ्या शेजारच्या बाईंचा ब्लॉग तीन वर्षं बंद होता.

संमेलन खरं की दुकान, हे ओळखायला वेबसाइटवर आचारसंहिता, वक्त्यांची नावं आणि मागच्या वर्षीची भाषणं बघा. तिन्ही नसतील तर घरी बसा.

१९. मला वक्ता व्हायचंय. मानधन मिळतं का?

मानधन नाही, प्रवासखर्चही नाही (प्रश्न १ पाहा). संमेलनाच्या काही महिने आधी वक्त्यांसाठी अर्ज मागवतात. ‘ब्लॉगिंगचं महत्त्व’ असा विषय पाठवलात तर निवड होणार नाही. ‘मराठी पाककृतींच्या ब्लॉगवर वाचक कुठून येतात, माझे तीन वर्षांचे आकडे’ असा पाठवा. फसलेल्या प्रयोगावरचं भाषण लोक जास्त आवडीने ऐकतात.

२०. मागच्या वर्षी गेलो होतो, काहीच हाती लागलं नाही. पुन्हा जाऊ?

आधी सांगा, गेल्या वेळी किती जणांना प्रश्न विचारला होता? आणि परतल्यावर आठवड्यात किती जणांना मेल केला होता? दोन्ही उत्तरं शून्य असतील तर संमेलनाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मी आता जाताना एकच प्रश्न ठरवून नेते आणि भेटेल त्याला तोच विचारते. मागच्या वेळी होता: ‘जुन्या लेखांचं तुम्ही काय करता?’ अकरा जणांनी अकरा उत्तरं दिली, त्यातलं एक मी आजही वापरते.

दोन्ही करूनही काही मिळालं नसेल तर खरंच सोडा. काही माणसांना गर्दीत काहीच सुचत नाही आणि त्यांचे ब्लॉग उत्तम चालतात.

२१. टी-शर्ट कोणत्या मापाचा मागवू?

हा प्रश्न गमतीत घेऊ नका, सगळ्यांत जास्त वेळा हाच येतो. तिकिटाच्या अर्जात माप विचारलं जातं आणि मग बदलून मिळत नाही, कारण छपाई त्याच आकड्यांवर होते. नेहमीपेक्षा एक माप मोठं लिहा. नाहीच बसला तर नोंदणीच्या टेबलाशी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर या, न आलेल्यांचे उरलेले असतात. सकाळी मागितलात तर मी नाहीच म्हणेन.